यंत्र विकायच्या दिवशी

(स्मृतिव्याख्यानमालेत कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ही व्याख्यानमाला ज्या सरांच्या नावाने चालते, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना जमाखर्च शिकवला. घसाऱ्याचा धडा आला की ते फळ्यावर मधोमध रेघ मारत, डावीकडे सरळ हप्त्याची पद्धत मांडत, उजवीकडे घटत्या शिलकेची, आणि दोन्हींच्या तळाला यंत्राची विक्री दाखवत. परीक्षेत गुण पद्धतीला जास्त असायचे, त्यामुळे मुलं विक्रीची ओळ घाईने उरकायची. आज मी बोलणार आहे ते त्या शेवटच्या ओळीबद्दल.

उद्यमनगरातला किंवा शिरोलीतला कारखानदार नवं मशीन घेतो आणि सीएकडे येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “साहेब, घसारा कुठल्या पद्धतीनं लावू या?” मी त्याला उलट विचारतो, “मागचं मशीन विकलंत ते कितीला गेलं? आणि त्या दिवशी ते वहीत कितीला उभं होतं?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला तोंडपाठ असतं, दलालाने किती कापले, टेंपोचं भाडं कुणी दिलं, सगळं. दुसऱ्या प्रश्नाला तो मुनिमाकडे बघतो आणि मुनीम माझ्याकडे.

घसारा हा एक अंदाज असतो. यंत्र किती वर्षं चालेल, शेवटी किती पैसे देऊन जाईल आणि मधल्या वर्षांत झीज कशी वाटली जाईल, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकायचं. त्या अंदाजाचा निकाल लागतो यंत्र विकलं जातं त्या दिवशी. अंदाज बांधण्याच्या पद्धती आपण कॉलेजात घोटून शिकतो. निकाल बघायची सवय मात्र आपल्याला नाही, आणि प्राप्तिकर कायद्याने गेली पस्तीसहून अधिक वर्षं तो बघायचं कारणही ठेवलेलं नाही. माझी तक्रार एवढीच आहे. आता ती आकड्यांतून मांडतो.

समजा, तुम्ही ३० लाखांचं एक व्हीएमसी, म्हणजे संगणकी कंट्रोलवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मशीन, घेतलं. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं उपयोगी आयुष्य १५ वर्षं धरलं आहे आणि शेवटी उरणारी किंमत मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे दीड लाख बाजूला ठेवून उरलेले साडेअठ्ठावीस लाख पंधरा वर्षांत खर्ची टाकायचे. सरळ हप्त्याने दरवर्षी १ लाख ९० हजार. घटत्या शिलकेने तेच आयुष्य आणि तीच शेवटची किंमत गाठायची, तर दर येतो उरलेल्या शिलकेच्या १८.१० टक्के. पहिल्या वर्षी घसारा ५ लाख ४३ हजार, दुसऱ्या वर्षी साधारण ४ लाख ४५ हजार, आणि असं उतरत उतरत आठव्या वर्षी १ लाख ३४ हजार.

आठ वर्षांनी तुम्ही ते मशीन विकलं आणि १० लाख रुपये आले. सरळ हप्त्याच्या वहीत त्या दिवशी मशीन १४ लाख ८० हजारांना उभं आहे. म्हणजे ४ लाख ८० हजारांचा तोटा. घटत्या शिलकेच्या वहीत ते ६ लाख ७ हजारांना उभं आहे. म्हणजे ३ लाख ९३ हजारांचा नफा. मशीन एकच, गिऱ्हाईक एकच, बँकेत जमा झालेली रक्कम एकच. एका वहीवाल्याच्या घरी त्या रात्री जेवण गोड लागत नाही आणि दुसरा पेढे वाटतो.

आता आठ वर्षांची बेरीज करा. सरळ हप्त्याने १५ लाख २० हजार घसारा आणि ४ लाख ८० हजार तोटा, मिळून २० लाख. घटत्या शिलकेने २३ लाख ९३ हजार घसारा, त्यातून ३ लाख ९३ हजार नफा वजा, पुन्हा २० लाखच. ३० लाखांना घेतलेली वस्तू १० लाखांना विकली, तर खर्च २० लाख होणार. कुठलीही पद्धत यात एका रुपयाचा फरक करू शकत नाही. सरांच्या फळ्यावरची तळाची ओळ हेच सांगत असे.

मग पद्धतीने बिघडतं काय? बिघडतं ते मधल्या वर्षांत, आणि तेही वहीत कमी, कोटेशनमध्ये जास्त.

एका पाळीत हे मशीन वर्षाला २,००० तास खरं काम करतं असं धरू. सरळ हप्त्यावर भरवसा ठेवणारा मालक कामाचा ताशी दर काढताना वीज, ऑपरेटर, टूल, व्याज यांच्या जोडीला घसाऱ्याचे ९५ रुपये धरतो. १ लाख ९० हजार भागिले २,०००. प्रत्यक्षात त्या मशीनने आठ वर्षांत २० लाख खाल्ले, म्हणजे वर्षाला अडीच लाख, म्हणजे तासाला १२५ रुपये. दर तासामागे ३० रुपये कमी लावले गेले. आठ वर्षांचे १६,००० तास, गुणिले ३० : ४ लाख ८० हजार. विक्रीच्या दिवशी वहीत उमटलेला तोटा नेमका एवढाच होता. तो त्या दिवशी झालेला नाही. आठ वर्षं रोज थोडा थोडा, गिऱ्हाइकाला दिलेल्या सुटीच्या रूपाने, तो होतच होता. विक्रीने तो फक्त उघडा पाडला.

घटत्या शिलकेवर दर काढणाऱ्याचं दुखणं वेगळं. त्याचा घसारा पहिल्या वर्षी तासाला २७१ रुपये पडतो आणि आठव्या वर्षी ६७. पहिल्या वर्षी या हिशेबाने कोटेशन दिलं, तर काम शेजारच्या शेडमध्ये जाईल. आठव्या वर्षी दिलं, तर काम नक्की मिळेल. इतकं मिळेल की मशीनला श्वास घ्यायला सवड राहणार नाही. वहीतला घसारा जसाच्या तसा उचलून दरात टाकणारे लोक मी पाहिलेले आहेत, म्हणून हे सांगतो.

माझं मत विचाराल तर कामाचा दर ठरवताना सरळ हप्ताच वापरावा, पण आयुष्य परिशिष्टातलं नको, आपल्या शेडमधलं हवं. तुम्ही मशीन आठ वर्षांनी विकत असाल तर आठ धरा आणि शेवटची किंमत बाजाराची धरा. ताळेबंदासाठी मात्र मला घटती शिल्लक जास्त खरी वाटते. मशीन बसवून वर्ष झालं की बाजारात त्याची किंमत धाडकन खाली येते, पुढे ती हळूहळू उतरते. वक्ररेषा तशीच असते. शिवाय नव्या मशीनला दुरुस्ती कमी आणि जुन्याला जास्त. सुरुवातीला मोठा घसारा आणि नंतर मोठी दुरुस्ती, यांची बेरीज वर्षावर्षाला बरीचशी सारखी राहते. घटत्या शिलकेच्या बाजूचा हा जुना युक्तिवाद आजही मला पटतो.

आणखीही पद्धती आहेत. उत्पादनाच्या नगांवर किंवा तासांवर घसारा लावायची पद्धत आहे. डाय आणि मोल्ड यांना ती चपखल बसते, कारण डाय वर्षांनी मरत नाही, ठोक्यांनी मरते. वर्षांच्या अंकांची बेरीज, वार्षिकी पद्धत वगैरे प्रकार पुस्तकात आहेत. आपल्या एमआयडीसीत त्यांचं दर्शन मला घडलेलं नाही.

आता बाजार किंमत कशी ठरवतो ते बघा. जुनं व्हीएमसी विकायला काढलं की व्यापारी येतो, बहुधा राजकोटचा नाहीतर पुण्याचा. आल्या आल्या विचारतो, “कंट्रोल कुठला आहे?” मशीनचा सांगाडा दगडासारखा असेल, पण कंट्रोलचे कार्ड कंपनीने बनवणं बंद केलं असेल, तर त्या सांगाड्याची किंमत कास्टिंगच्या वजनावर येते. मग तो स्पिंडलमध्ये मॅन्ड्रेल लावतो, डायल टेकवतो आणि हाताने स्पिंडल फिरवत काट्याकडे बघत बसतो. त्यानंतर मशीन वरच्या वेगावर अर्धा तास चालवायला लावतो आणि स्पिंडलच्या डोक्यावर तळहात ठेवतो. हात टिकला तर बेअरिंग ठीक. अक्ष पुढेमागे पळवून बॅकलॅश बघतो. सरकती झाकणं उचलून आतल्या मार्गांवर ओरखडे शोधतो. कूलंटची टाकी उघडून नाक लावतो. कंट्रोलच्या पडद्यावर एकूण किती तास कटिंग झालं तो आकडा काढतो आणि गुपचूप टिपून घेतो. नवा रंग दिसला की त्याला संशय येतो : “शेठ, रंग कशाला मारला? आतलं दाखवा.” शेवटी बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र मागतो आणि आकडा बोलतो.

या सगळ्या तपासणीत त्याने एक गोष्ट विचारलेली नसते : वहीतली किंमत. त्याला तिचं काही काम नाही. त्याला दोन गोष्टी हव्या असतात. मशीन किती तास चाललं, आणि त्याचा मेंदू किती जुना झाला. कॅलेंडरवर चालणाऱ्या कुठल्याही टक्केवारीत या दोन्ही गोष्टी नीट येत नाहीत. कायद्याने थोडी सोय केली आहे. दोन पाळ्या चालल्या तर त्या काळापुरता घसारा ५० टक्के जास्त आणि तीन पाळ्या चालल्या तर १०० टक्के जास्त लावा, असं परिशिष्ट सांगतं. आमच्या फाउंड्र्यांमध्ये हे लक्षात ठेवावं लागतं. पण कंट्रोल जुना होण्यावर कुठल्या पाळीचा उपाय नाही.

शिवाय परिशिष्टातलं आयुष्यही काही निसर्गनियम नव्हे. १९५६ च्या जुन्या कंपनी कायद्यात चौदावं परिशिष्ट होतं. त्यात अशाच यंत्राला सरळ हप्त्याचा दर ४.७५ टक्के होता, म्हणजे ९५ टक्के किंमत वीस वर्षांत संपायची. १ एप्रिल २०१४ पासून नवं परिशिष्ट आलं आणि वीसची पंधरा वर्षं झाली. शेडमध्ये उभ्या असलेल्या लेथचं आयुष्य एका रात्रीत पाच वर्षांनी कमी झालं, आणि लेथला त्याचा पत्ताही नव्हता.

आणि आयुष्य मोजणारं घड्याळ एवढं एकच नाही. कारखान्याच्या दारातला टेंपो घ्या. विमा कंपनी त्याची किंमत ठरवते ती तक्त्याने : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. प्राप्तिकर स्वतःच्या मालवाहतुकीच्या टेंपोला दरसाल घटत्या शिलकेवर १५ टक्के देतो. पाच वर्षांनी ४४ टक्के आणि थोडं वर उरतं. विम्याचे ५० आणि कराचे ४४, म्हणजे दोघे एकमेकांना न विचारता बरेच जवळ आले, याची मला नेहमी मौज वाटते. जीएसटीचं घड्याळ तिसरंच. खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतलेलं मशीन विकलं, तर त्या वजावटीतून दर तिमाहीला ५ टक्के कमी करून उरलेली रक्कम, किंवा विक्रीच्या किमतीवरचा कर, यांतलं जे जास्त ते भरायचं. वीस तिमाह्या, म्हणजे पाच वर्षं झाली की पहिला आकडा शून्य होतो. संगणकाला कंपनी कायदा तीन वर्षं देतो आणि प्राप्तिकर ४० टक्के. एकाच वस्तूच्या चार किमती चार दप्तरांत, आणि पाचवी त्या व्यापाऱ्याच्या टिपणात.

आता प्राप्तिकराकडे येतो, कारण लहान कारखानदाराची वही प्रत्यक्षात तिथूनच चालते. मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याला कंपनी कायद्याचं परिशिष्ट लागू नाही. त्यामुळे सीए करासाठी काढलेला घसाराच वहीत टाकतो. त्याला दोष देता येत नाही. दोन वेगळे हिशेब ठेवायचे पैसे कुणी देत नाही.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात घसारा मूळ किमतीच्या टक्क्यांनी मिळायचा, म्हणजे सरळ हप्ताच. १९३९ च्या दुरुस्तीने तो घटत्या शिलकेवर आणला. समुद्रावर चालणाऱ्या जहाजांना तेवढी सूट राहिली. त्या काळापासून पुढे १९६१ च्या कायद्यातही अनेक वर्षं एक चांगली तरतूद होती. प्रत्येक यंत्राचं वेगळं पान. यंत्र विकलं आणि किंमत शिलकेपेक्षा कमी आली, तर उरलेली रक्कम त्याच वर्षी खर्च म्हणून मिळे. जास्त आली, तर पूर्वी जास्त घेतलेला घसारा, मूळ किमतीच्या मर्यादेपर्यंत, त्या वर्षीच्या धंद्याच्या उत्पन्नात परत धरला जाई. जास्त घेतलंस, परत कर; कमी घेतलंस, आता घे. सरांच्या फळ्याचा हाच तळ होता.

१९८८-८९ या आकारणी वर्षापासून हे गेलं. समूह पद्धत आली. एकाच प्रकारची, एकाच दराची सगळी यंत्रं एका ढिगात. ढिगाची एक शिल्लक. नवं यंत्र आलं तर किंमत मिळवायची, जुनं विकलं तर विक्रीचे पैसे वजा करायचे, आणि उरलेल्यावर १५ टक्के. सर्वसाधारण यंत्रांचा हा दर पूर्वी २५ टक्के होता. कारण रास्त होतं : मोठ्या कंपन्यांत हजारो वस्तूंची हजारो पानं, आणि प्रत्येक विक्रीवर आयकर अधिकाऱ्याशी वाद. तो वाद संपला हे मान्य केलं पाहिजे. पण त्याबरोबर निकालही संपला.

मघाचं व्हीएमसी करवहीत बघा. ३० लाखांवर १५ टक्क्यांनी आठ वर्षांत शिल्लक येते ८ लाख १७ हजार. १० लाखांना विकलं, म्हणजे १ लाख ८३ हजार जास्त आले. समूह पद्धतीत हा नफा कुठेच दिसत नाही. १० लाख ढिगातून वजा होतात आणि पुढच्या वर्षांत इतर यंत्रांचा घसारा तेवढा कमी मिळतो. कर भरला जातो, पण हप्त्याहप्त्याने, कुणाच्या लक्षात न येता. उलट समजा, कंट्रोल बंद पडला आणि मशीन दोन लाखांना भंगारात गेलं. मग ६ लाख १७ हजार ढिगात राहतात आणि त्यांच्यावर दरसाल १५ टक्के मिळत राहतात. मशीन वितळून त्याचं नवं कास्टिंग झालेलं असतं, तरी त्याचा घसारा तुम्ही घेत असता. गावातल्या कित्येक कारखान्यांच्या ढिगात आज अशी नसलेली यंत्रं आहेत. दहा वर्षांपूर्वी मोडीत गेलेल्या प्लेनिंग मशीनचे चार-दोन हजार यंदाच्याही विवरणात असतील.

तोट्यात असलात तरी घसारा सोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. महेंद्र मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं होतं की घसारा मागणं ही करदात्याची मर्जी आहे. मागितला नाही तर तो लादता येणार नाही. पुढच्याच वर्षी सरकारने कायद्यात स्पष्टीकरण घालून ती मर्जी काढून घेतली. मागा वा न मागा, ढीग उतरतच राहतो.

धंदा बंद करताना मात्र हा ढीग चावतो. शेवटचं मशीन विकलं आणि ढिगात पैसे उरले, तर उरलेली रक्कम धंद्याचा तोटा ठरत नाही, अल्पकालीन भांडवली तोटा ठरते. तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो, आणि आठ वर्षं पुढे ओढता येतो. उलट विक्रीचे पैसे ढिगापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम अल्पकालीन भांडवली नफा, मग ते मशीन तुमच्याकडे वीस वर्षं का असेना. म्हणून सल्लागार सांगतात, सगळं विका पण एक लेथ ठेवा. शेड भाड्याने दिलेली असते आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक लेथ उभा असतो, तो बहुधा अशा सल्ल्याने. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही समूह पद्धत कायम आहे, तेव्हा ती ताडपत्री इतक्यात निघणार नाही.

गंमत अशी की १९६१ च्याच प्राप्तिकर कायद्याने वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांना नंतर वेगळी वाट करून दिली. त्यांना हवं तर प्रत्येक यंत्रावर मूळ किमतीच्या टक्क्यांनी घसारा घेता येतो, आणि विक्रीच्या वेळी जास्त-कमी तिथल्या तिथे मिटवलं जातं. म्हणजे जुना निकाल कायद्याला अशक्य वाटतो असं नाही. फक्त तुमच्या-माझ्या लेथसाठी तो गैरसोयीचा वाटतो.

वीज म्हटलं की पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार आठवतं. सातारा, सांगली, धुळे या जिल्ह्यांत ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेकांचं गणित वाऱ्यापेक्षा घसाऱ्याचं होतं. नव्वदच्या दशकात पवनचक्कीला पहिल्या वर्षी १०० टक्के घसारा मिळे, पुढे ८० टक्के. एक कोटीच्या पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० लाखांचा घसारा, आणि तो मालकाच्या दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा. तीस टक्के कर धरला तरी २४ लाख वाचले. ज्यांचा वाऱ्याशी पतंगापलीकडे संबंध नव्हता, असे लोक पठारावर आले. वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर घसारा निम्मा मिळतो, म्हणून सप्टेंबर संपायच्या आत पाती फिरवायची धावपळ. ते हुकलं तर निदान मार्च संपायच्या आत.

दोन वर्षांत कोटीतले ९६ लाख वहीतून गेले. करवहीत पवनचक्की संपली, पठारावर ती आणखी पंधरा-वीस वर्षं उभी राहणार. तिची दुरुस्ती करावी, की ती काढून मोठी बसवावी, हा निर्णय त्या मालकाने घ्यायचा, आणि ती विकली तर आलेले जवळजवळ सगळे पैसे ताबडतोब अल्पकालीन नफा म्हणून करपात्र. निर्णय लांबत जातो, यात नवल नाही. १ एप्रिल २०१२ ला हा जादा घसारा बंद झाला, त्याच सुमाराला वीजनिर्मितीवरचं अनुदानही थांबलं, आणि देशात वर्षाला बसणाऱ्या पवनचक्क्यांची क्षमता सुमारे ३,२०० मेगावॉटवरून सुमारे १,७०० वर आली. २०१४ मध्ये तो परत आला आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर बांधला गेला. दर ठरवायचं हत्यार सरकारच्या हाती किती धारदार असतं, हे पठारावर उभं राहिलं की कळतं. पण हत्यार फक्त खरेदीच्या दिवशी चालवलं गेलं. त्या चक्कीने किती युनिट वीज दिली, हा प्रश्न घसाऱ्याच्या तक्त्यात कुठेच नव्हता.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा, कारण तो फार महाग पडतो. घसारा लावला म्हणजे नव्या यंत्राचे पैसे साठले, असं अनेकांना वाटतं. वहीतल्या नोंदीने पैसे साठत नाहीत. ते त्या वर्षी कच्च्या मालात, उधारीत किंवा मुलीच्या लग्नात गेलेले असतात. पैसे खरोखर बाजूला ठेवायचा मोठा प्रयत्न आपल्याकडे रेल्वेने केला. ॲक्वर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला, आणि त्याच वर्षी घसारा राखीव निधी सुरू झाला. रूळ, डबे, इंजिनं यांचं आयुष्य धरून दरवर्षी रोख रक्कम त्यात टाकायची आणि बदली त्यातून करायची, असा तो बेत होता. अलीकडच्या वर्षांत त्या निधीत पडणारी रक्कम अगदीच किरकोळ राहिली, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवलं आहे. शंभर वर्षांची परंपरा असलेल्या संस्थेचं हे झालं, तर आपल्या गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये चालू खात्यातून निधी वेगळा काढायचा म्हणजे मालकाला किती जिवावर येणार, ते मी समजू शकतो. तरी व्हीएमसीचे वर्षाला अडीच लाख ठेवीत टाकणारे एक-दोन जण मला माहीत आहेत. पुढचं मशीन घेताना बँकेच्या साहेबाशी ते जरा मोठ्या आवाजात बोलतात.

मग करायचं काय? कंपनी असाल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे आणि तुम्ही तो वापरत नाही. परिशिष्टातलं आयुष्य बंधनकारक नाही. तांत्रिक सल्ल्याच्या आधारावर वेगळं आयुष्य धरता येतं, फक्त ते जाहीर करावं लागतं. उपयोगी आयुष्य आणि अवशेष किंमत यांचा दरवर्षी, ताळेबंदाच्या दिवशी, फेरविचार करा असं लेखा मानक क्रमांक १० सांगतं. प्रत्यक्षात टिपणात काय छापलं जातं? “घसारा परिशिष्ट दोननुसार.” गेल्या वर्षीही तेच, त्याच्या आधीही तेच, आणि त्याच वर्षांत विक्रीवर पाच लाखांचा तोटा दुसऱ्या पानावर बसलेला. एखादं मशीन तोट्यात गेलं तर नशीब म्हणा. ओळीने तीन गेली, तर तुमचं आयुष्याचं गृहीतक चुकलं आहे, आणि ते उरलेल्या मशीनवर आजच बदललं पाहिजे. मागचं पुसायचं नाही. उरलेली शिल्लक उरलेल्या खऱ्या वर्षांत वाटायची. मशीन सातत्याने नफ्यात जात असतील तरी खूश व्हायचं कारण नाही. तुम्ही आठ वर्षं स्वतःला गरीब समजत होता आणि कदाचित दर जास्त सांगून कामं घालवत होता.

कंपनी नसाल, तर करवही तिच्या ढिगासह सीएकडे राहू द्या आणि स्वतःची एक साधी वही करा. प्रत्येक मशीनला एक पान. घेतल्याची तारीख आणि किंमत, जीएसटी सोडून. दरवर्षी मार्चअखेर कंट्रोलच्या पडद्यावरचे तास. मोठी दुरुस्ती, म्हणजे स्पिंडल, बॉलस्क्रू, कार्ड. कामाच्या दरात धरलेला घसारा, रुपये प्रति तास. आणि पानाच्या तळाला चार रिकाम्या ओळी : विकल्याची तारीख, हातात आलेली रक्कम, एकूण तास, आणि खरा घसारा प्रति तास. शेवटचा आकडा काढायला घेतल्याच्या किमतीतून विक्रीची रक्कम वजा करून तासांनी भागायचं. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंद. विकल्याच्या दिवशीच लिहायचं, कारण दुसऱ्या दिवशी दलालाचे पैसे आणि टेंपोचं भाडं विसरलेलं असतं. चार-पाच मशीन विकली गेली की तुमच्या शेडचा दर तुमच्याजवळ असेल, दिल्लीत छापलेला नव्हे. तोवर नव्या व्हीएमसीला पंधरा वर्षं धरू नका. दोन पाळ्या चालवत असाल तर सात-आठ धरा आणि शेवटची किंमत मूळ किमतीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त धरू नका. हा माझा अंदाज आहे, तुमच्या वहीने तो खोटा पाडला तर मला कळवा. पत्ता आयोजकांकडे आहे.